पाठीवरचे बिऱ्हाड आणि आकाशाकडची छत्री

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्याकडे कोणी कौतुकाने वापरीत नाही. एक जागा सोडून दुसरी धरणारा मनुष्य, मग तो बदलीचा कारकून असो की गावोगाव हिंडणारा विक्रेता असो, समाजाच्या दृष्टीने थोडासा कीव करण्याजोगाच ठरतो. त्यातून पुण्याचा मध्यम स्थितीतील गृहस्थ म्हणजे स्थैर्याचा मूर्तिमंत उपासक. ठरलेला वाणी, ठरलेली भाजीवाली, फिरावयास जाण्याचा ठरलेला रस्ता आणि त्या रस्त्यावर ठरलेल्या वेळी भेटणारे ठरलेले मित्र, एवढ्या चौकटीत त्याचे आयुष्य सुखाने जाते. अशा वर्गात जन्मून, तीस वर्षे एकाच महाविद्यालयात एकच विषय शिकविल्यावर, पन्नाशीच्या उत्तरार्धात आम्ही चाकांवरचे घर घेतले, तेव्हा मित्रमंडळींनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली ती केवळ शिष्टाचार म्हणून नव्हती.

वास्तविक चालते घर ही आपल्या मुलखाला नवी गोष्ट नाही. लमाणांचे तांडे, मेंढरांमागून फिरणारी धनगरांची बिऱ्हाडे, दरवर्षी घरदार गाडीत घालून साखर कारखान्यांकडे निघणारी ऊसतोडीची कुटुंबे, ही सारी मंडळी आमच्या फार आधीपासून हा संसार करीत आली आहेत. फरक इतकाच की, त्यांना तो पोटासाठी करावा लागतो आणि आम्ही तो हौसेने करतो. हौसेच्या ह्या प्रकाराला कॅराव्हॅन असे भारदस्त नाव मिळाले आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हा पाठीवरच्या बिऱ्हाडास प्रथमच प्रतिष्ठा आली. त्या प्रतिष्ठेच्या लाटेत आमचे मेव्हणे आणि आम्ही अशा दोघांनी मिळून एक जुनी प्रवासी मोटार विकत घेतली आणि आतील आसने काढून तिचे घर करविले. रात्री बिछाने होणारी दोन बाके, एक चिमुकला ओटा, पाण्याची टाकी, छपरावर सोलर पॅनेल आणि बारा फूट लांब, सहा फूट रुंद एवढी जागा, असा हा वाडा आहे. त्यात आम्ही उभयता, हिंजवडीस नोकरी करणारी कन्या, महाविद्यालयात शिकणारे चिरंजीव आणि आमचे तीर्थरूप अण्णा, वय वर्षे ८६, अशी पाच माणसे राहावयाची होती.

घर म्हटले की त्यात दूरचित्रवाणी आली. ती असावी की नसावी हा वाद घालण्याचे दिवस आता गेले. ती कोणत्या मार्गाने यावी एवढाच वाद उरला आहे. छपरावर छत्री, म्हणजे ज्याला आपण डिश म्हणतो ती तबकडी बसवून उपग्रहाकडून चित्रे घ्यावीत, हा एक पक्ष. मोबाईलच्या जाळ्यावरून, म्हणजे स्ट्रीमिंगने, हवे ते हवे तेव्हा मागवावे, हा दुसरा पक्ष. मुले अर्थातच दुसऱ्या पक्षाची होती. सौभाग्यवतींचे मत असे की, प्रवासास निघून पुन्हा पडद्यापुढेच बसावयाचे असेल तर घरचा दिवाणखाना काय वाईट होता. परंतु अल्पमतात पडल्यामुळे त्यांनी ते फार ताणून धरले नाही. अण्णांस कोणी विचारले नाही, आणि शेवटी निकाल त्यांच्यामुळेच लागला. तो कसा लागला हे सांगण्यापूर्वी ह्या दोन्ही मार्गांची रीत थोडी उलगडून सांगणे जरूर आहे. कारण दोहोंत जो भेद आहे तो केवळ तारांचा आणि यंत्रांचा नाही.

उपग्रहाची गोष्ट अशी. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा करते तेवढ्याच वेळात तिचाही एक फेरा पुरा होतो, आणि खालून पाहणाऱ्यास ती आकाशात एकाच ठिकाणी टांगल्यासारखी राहते. अशा तीन वस्तूंच्या साहाय्याने बहुतेक साऱ्या जगाशी संदेशांची देवघेव करता येईल, हे आर्थर क्लार्क ह्या इंग्रज लेखकाने १९४५ साली लिहून ठेवले होते. आपल्याकडे १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनने घरोघर छत्रीवर थेट आणि विनामूल्य कार्यक्रम देण्याची योजना सुरू केली. तीच आजची डीडी फ्री डिश. छत्री आणि तिच्याबरोबरची पेटी एकदा विकत घेतली की पुन्हा दरमहा कोणास काही द्यावयाचे नाही. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरून येतात आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. पुण्यातून पाहिले तर तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंचीवर येतो. ही जागा ना दिवसाने बदलते ना रात्रीने. बदलतो तो पाहणारा.

स्ट्रीमिंगची रीत निराळी. तेथे आकाशातून सर्वांवर सारखा पाऊस पडत नाही. ज्याने मागितले त्याच्या ओंजळीत तेवढेच पाणी घातले जाते. मागणी करणाऱ्याचे नाव, त्याची जागा, त्याने काल काय पाहिले आणि कोठे कंटाळून सोडले, हे सारे वाढप्याला ठाऊक असते. निवड अफाट. जुनी नाटके, नवे चित्रपट, परदेशी विद्यापीठांतील व्याख्याने, काय वाटेल ते. मात्र चांगल्या स्वच्छ चित्रास तासाला सुमारे तीन गिगाबाईट खर्च होतात, आणि दिवसाला दीड-दोन गिगाबाईटांचा शिधा असलेल्या मनुष्याचा तो शिधा एक चित्रपट पुरा होण्यापूर्वीच संपतो. मग चित्र धूसर करून काटकसर करावयाची, किंवा जादा पैसे मोजावयाचे. शिवाय जवळपास मोबाईलचा मनोरा असला पाहिजे, हे निराळेच.

पहिल्या प्रवासात मुलांच्या पक्षाचा विजय झाला. दिवाळीच्या सुटीत ताम्हिणी घाटाने उतरून आम्ही कोकणात गेलो. घाटात शिरताच जाळे नाहीसे झाले, ते माणगावास पुन्हा दिसले. पुढे दापोलीच्या बाजूस एका नारळीच्या वाडीत मुक्काम पडला, तेथे एका दगडावर उभे राहिले तर दोन रेघा मिळत आणि दगडावरून उतरले की एक. सह्याद्रीच्या डोंगरांनी पूर्वी परकी फौजा अडविल्या, त्या ऐटीत त्यांनी आमच्या चिरंजीवांचा क्रिकेटचा सामना अडविला. एकदा चित्र नीट येऊ लागले, तर शेजारच्या खानावळीतील मंडळींनी गडी बाद झाल्याचा गलका करावा आणि आमच्या पडद्यावर तो गडी त्यानंतर अर्ध्या मिनिटाने बाद व्हावा, असा प्रकार झाला. स्ट्रीमिंगचे चित्र वाटेत तुकड्यातुकड्यांनी साठत येते, म्हणून ते मागे राहते. खानावळीच्या कौलांवर छत्री होती. ह्या साऱ्याची आम्हांस गंमतच वाटली. माणसे प्रवासास जातात ती अशाच लहानसहान गैरसोयी पुढे रंगवून सांगता याव्यात म्हणून.

गंमत वाटली नाही ती अण्णांची. त्यांच्या स्मरणशक्तीला गेली तीन वर्षे ओहोटी लागली आहे. जुने सारे लख्ख आहे. मोजणी खात्यात असताना कोणत्या गावच्या शिवेवर कोणता दगड होता, हे ते आजही सांगतात. पण आजचा वार त्यांच्या हाती राहत नाही. डॉक्टरांनी जे सांगितले त्यातले मुख्य औषध एकच होते, ते म्हणजे दिनक्रम ठराविक ठेवणे. घरी तो आपोआप राहत असे. संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या लागत, अण्णा खुर्ची पुढे ओढीत, बातम्या संपल्या की हातपाय धुवून पानावर बसत. त्यांचा दिवस ह्या एका खुंटीला टांगलेला होता, आणि घरात असताना ती खुंटी आमच्या कोणाच्या ध्यानातही येत नव्हती.

त्या नारळीच्या वाडीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली तेव्हा त्यांनी विचारले, "बातम्या किती वाजता आहेत रे?"

नातवाने उत्साहाने उत्तर दिले, "आजोबा, तुम्हांला हव्या तेव्हा. आता वेळेचं बंधन नाही."

"हव्या तेव्हा म्हणजे केव्हा?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते. त्या दिवशी दगडावरच्या दोन रेघाही गेल्या होत्या. अण्णा जेवावयास उठेनात. बातम्या व्हावयाच्या आहेत, म्हणजे अजून संध्याकाळ व्हावयाची आहे, आणि संध्याकाळ झाल्यावाचून रात्रीचे जेवण कसे, हा त्यांचा युक्तिवाद; आणि तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात काही वैगुण्य काढता येत नव्हते. मध्यरात्री ते उठून दार चाचपू लागले. घरी जावयाचे, म्हणाले. सकाळी जाळे आले तेव्हा कन्येने आदल्या संध्याकाळच्या बातम्या तिच्या मोबाईलवर त्यांना दाखविल्या. त्यांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या, उठून हातपाय धुतले आणि न्याहारीच्या वेळी सुनेला म्हणाले, "आता पान वाढ, आणि नंतर दिवा बारीक कर." त्या वेळी समोर समुद्रावर कोवळे ऊन पडले होते. कोणी हसले नाही. कन्या मोबाईल हातात धरून बराच वेळ तशीच उभी होती.

पौषात आम्ही देशावर निघालो, बारामती, इंदापूर करीत सोलापूरकडे, तेव्हा छपरावर छत्री आली होती. चालत्या गाडीतही उपग्रहाचा माग न सोडणारी, आपोआप वळणारी घुमटासारखी यंत्रे मिळतात. पण त्यांची किंमत आमच्या वेतनाशी जुळणारी नव्हती. आमची छत्री साधी, सुमारे दोन फूट व्यासाची, वाटेत दोऱ्यांनी बांधून न्यावयाची आणि मुक्कामावर एका लोखंडी तिपाईवर उभी करावयाची. ती उभी करण्याचे काम पहिल्या दिवशी चिरंजीवांकडे होते. त्यांनी मोबाईलमधील एका नकाशाच्या आधारे अर्धा तास खटपट केली, आणि पडद्यावरील संकेताची पट्टी काही केल्या हलेना. अण्णा बाकावरून पाहत होते. थोड्या वेळाने ते काठी टेकीत खाली उतरले आणि त्यांनी विचारले, "कोनाचा आकडा काय आहे?"

आम्ही कागदावर लिहून आणलेले आकडे वाचले. अण्णांनी आपल्या पिशवीतून होकायंत्र काढले. हे होकायंत्र नोकरीत असल्यापासून त्यांच्याजवळ आहे आणि ते त्यांनी कधी कोणास हाताळू दिलेले नाही. त्यांनी तिपाई आधी ओळंब्याने सरळ करून घेतली. "खांब वाकडा तर सगळंच वाकडं," ते नातवास म्हणाले. मग दिशा धरली. उंचीचा कोन लावताना मात्र ते थांबले. कारण छत्री ५९ अंशांकडे पाहत असल्याची दिसेना, ती बरीच खाली झुकलेली वाटत होती. हा ह्या छत्र्यांचा नेहमीचा चकवा आहे. तिच्यापुढे दांडीवर जे ग्राहक यंत्र असते ते मध्यभागी नसून खालच्या अंगास असते, म्हणून वरून येणारे किरण त्या बाजूस वळावेत अशी तिची घडण असते, आणि छत्री दिसते त्यापेक्षा पुष्कळ वर पाहत असते. हे सांगताच अण्णा मान डोलवून म्हणाले, "म्हणजे नजर खाली आणि लक्ष वर. आमच्या मामलेदारांसारखं." दहा मिनिटांत पट्टी भरली. अण्णांनी खुर्ची ओढून घेतली आणि वेळेवर बातम्या लागल्या.

तेव्हापासून प्रत्येक मुक्कामावर हा विधी झाला. इंदापूरच्या पुढे कोन थोडा बदलला, सोलापुरास आणखी बदलला. पुण्याहून सोलापूर म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर; तेवढ्याने आकाशातील त्या एका ठिकाणाची जागा आपल्या दृष्टीने जवळजवळ दोन अंशांनी सरकते. दोन अंश म्हणजे काही फार नव्हेत, पण छत्रीला तेवढे पुरतात. तितकी ती चुकली तर पडदा रिकामा राहण्याचा संभव असतो. अण्णांनी एका वहीत गाव, दिशा आणि उंची अशी तीन घरे आखली आणि रोजचे आकडे लिहून ठेवले. वाराच्या घरात ते आम्हांस विचारून वार लिहीत. काल कोठे होतो हे त्यांना आठवत नसे. वही उघडली की कळत असे.

छत्रीची स्तुती करतो म्हणून तिचे दोष झाकावेत असे नाही. तिला आग्नेयेचे आकाश मोकळे लागते. दुपारी गाडी ज्या वडाच्या सावलीत लावावी तोच वड तिच्या आड येतो, म्हणून सावली आणि चित्र ह्यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. कोकणातील त्या वाडीत ती बहुधा निरुपयोगीच ठरली असती. पावसाळ्यात मुळशीच्या बाजूस एक दिवस काढला तेव्हा पावसाची मोठी सर आली की चित्राचे चौकोनी तुकडे होत आणि मग पडदा काळा पडे. ह्या लहरींची लांबी इंचाएवढी असते आणि जोराचा पाऊस त्यांना वाटेतच गिळून टाकतो. वाहिन्या मोजक्या, आणि त्यांतही मराठी थोड्या. त्याच उपग्रहावरून २०१७ पासून स्वयंप्रभा नावाच्या शैक्षणिक वाहिन्याही दिल्या जाऊ लागल्या. त्यांतील एक आम्ही प्राध्यापकाच्या कर्तव्यबुद्धीने लावली, तेव्हा घरातील सर्व माणसे तारे पाहावयास बाहेर गेली.

बारामतीच्या पुढे रस्त्यालगत ऊसतोडीचा एक तळ होता. पाचटाच्या आणि चटयांच्या कोप्या, मधून टायरगाड्या, आणि एका कोपीमागे बांबूला तारेने घट्ट बांधलेली छत्री. अण्णा ती पाहून थांबा म्हणाले. बीड जिल्ह्यातील एक जोडपे तेथे होते. त्या लोकांत अशा जोडप्याला एक कोयता म्हणतात. नवराबायको मिळून एक हत्यार. दिवाळीच्या सुमारास घर सोडावयाचे, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जावयाचे आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्यात फेडावयाची, असे त्यांचे वर्ष. छत्री का घेतली, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "महिन्याच्या महिन्याला काय भरावं लागत नाही साहेब. एकदा आणली, झालं. म्हातारी असती कोपीवर पोरांपाशी. आम्ही फडात." अण्णांनी विचारले, "दिशा कशी लावता?" त्याने समोरच्या गावाकडे बोट दाखविले. "त्या पत्र्यांवरच्या छत्र्या कुणीकडं तोंड करून हायेत ते बघायचं, अन् तसं आपलं तोंड करायचं." अण्णांना हे उत्तर इतके आवडले की पुढचे दोन दिवस ते ज्याला त्याला सांगत होते. ओळखीच्या खुणेवरून अनोळखी जागा बसविणे, मोजणीची सारी विद्या एवढीच, असे त्यांचे म्हणणे.

त्या माणसाच्या बोलण्याने आमच्या मनात एक विचार आला, तो येथे मांडावयाचा आहे. त्या गावातील सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. पुण्यात आमच्या लहानपणी वाड्यांच्या कौलांवर अँटेना उभ्या असत, त्यांचीही तोंडे एकाच दिशेस असत. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्याने ते कार्यक्रम पुण्यास पोचविले. तेव्हा सारे शहर नैर्ऋत्येकडे कान लावून बसत असे. आमच्या वाड्यात एकच संच होता. शनिवारी मराठी चित्रपट, त्या दिवशी त्या बिऱ्हाडात पाय ठेवावयास जागा नसे. दारातल्या चपला मोजल्या तर वाड्याची खानेसुमारी झाली असती. काय पाहावयाचे हे कोणाच्या हातात नव्हते, आणि म्हणून ते सर्वांचे होते.

येथे कोणी म्हणेल की, प्राध्यापकमहाशय, ही तुमची जुन्या दिवसांची हळहळ आहे. तशी ती नाही. एकाच आवाजाने सर्वांशी बोलावे ह्यात जो धोका आहे तो आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी चांगला अनुभवला आहे. सहा राज्यांतील तो उपग्रहाचा प्रयोग ज्या ऑगस्टात सुरू झाला, त्याच्या आधी जेमतेम पाच आठवडे, १९७५ च्या जून महिन्यात आणीबाणी पुकारली गेली होती, आणि पुढे पावणेदोन वर्षे सरकारी नभोवाणीने आणि दूरचित्रवाणीने सरकारला रुचेल तेवढेच सांगितले. ज्याला आपल्या मर्जीने ऐकता आणि पाहता येते तो मनुष्य अधिक स्वतंत्र आहे, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. आमची कन्या तिच्या मोबाईलवर चार देशांची वर्तमानपत्रे चाळते आणि एकाच बातमीची चार रूपे आम्हांस वाचून दाखविते. ही सोय आमच्या तरुणपणी असती तर आम्ही कमी मूर्खपणा शिकलो असतो. आम्हांस म्हणावयाचे आहे ते निराळे.

'हव्या तेव्हा' हे शब्द उच्चारण्यास, काय हवे हे ज्याला माहीत आहे असे मन लागते. ते निरोगी मनुष्याचे वैभव आहे. ज्याच्या मनाची हवे-नकोची शक्तीच मंदावत चालली आहे, त्याच्यापुढे सारे जगाचे भांडार उघडून ठेवले तरी तो उंबरठ्यावर उभा राहून वेळ विचारतो. त्याला भांडार नको असते. न मागता ठरल्या वेळी दाराशी येणारे असे काही तरी त्याला हवे असते. दूधवाल्याची हाक, देवळातली आरती, रस्त्याच्या कडेची एसटी. लहान मुलास असेच लागते, आजाऱ्यास लागते आणि परमुलखात कोपीवर नातवंडे सांभाळीत बसलेल्या म्हातारीसही लागते. घर एके ठिकाणी असले म्हणजे अशा शंभर गोष्टी त्याच्या भोवती आपोआप घडत असतात, आणि एक चुकली तरी नव्याण्णव उरतात. चाकांवरच्या घरात त्या साऱ्या मागे राहतात. रोज नवे झाड, नवी वाट, नवा आवाज. तरुणास ह्यातच आनंद आहे. अण्णांसारख्याला मात्र त्या बदलत्या देखाव्यात न बदलणारी अशी एक तरी वस्तू हवी होती, आणि ती छत्तीस हजार किलोमीटरांवर सापडली.

शेवटी आम्ही निवड केली ती अशी. मार्गावर असताना आणि एकट्याच्या वेळात मोबाईल. नकाशा, पावसाचा अंदाज, मुलांचे चित्रपट, आमची व्याख्याने, सारे त्यावर. मुक्काम पडला की मात्र आधी आग्नेयेचे आकाश मोकळे आहे ना हे पाहून गाडी लावावयाची, छत्री उभी करावयाची, आणि बातम्यांचा अर्धा तास पाचही माणसांनी एकाच पडद्यापुढे बसावयाचे. सौभाग्यवतींनी आरंभी घेतलेला आक्षेप ह्या अर्ध्या तासापुरता मागे घेतला आहे. बारा फुटांच्या खोलीत पाच माणसे पाच मोबाईल घेऊन बसली तर तेथे पाच घरे होतात, आणि एवढ्याशा जागेत पाच घरे मावत नाहीत, हे त्यांचेच म्हणणे आहे. जेथे आकाश अडते, घाटात किंवा दाट वाडीत, तेथे मुक्काम करावयाचा नाही असेही ठरले आहे. ह्यामुळे काही सुंदर जागा आम्हांस मुकाव्या लागतात, आणि चिरंजीव त्याबद्दल कधी कधी कुरकुर करतात.

हा वाद फार दिवस राहील असे मात्र वाटत नाही. पृथ्वीच्या पुष्कळ जवळून फिरणाऱ्या उपग्रहांचे थवे इंटरनेटच थेट आकाशातून देऊ लागले आहेत. ते सर्वत्र सुलभ झाले म्हणजे डोंगर आड येणार नाही, आणि छत्री व स्ट्रीमिंग ह्यांतला भेदच उरणार नाही. तथापि अण्णांनी विचारलेला प्रश्न त्या वेळीही कोणी तरी, कोठे तरी विचारील, आणि त्याला एखाद्या यंत्राने उत्तर देता येणार नाही. घरातल्या माणसांनीच मिळून सांगावे लागेल की, बातम्या आता आहेत, चला.

परवा वहीत आकडे लिहिता लिहिता अण्णा अगदी शुद्धीवर असल्यासारखे म्हणाले, "मी गेल्यावर ही छत्री काढून टाका. फार जागा अडवते." आम्ही काही बोललो नाही. नातू तिपाई घडी करीत होता, तो म्हणाला, "आजोबा, आधी मला ओळंबा नीट धरायला शिकवा." अण्णांनी दोरी त्याच्या हातात दिली आणि बोटांची पकड दुरुस्त केली. आम्हांस साठी गाठावयास आता दोन वर्षे उरली आहेत. छत्री छपरावर राहील.